बळाचा रोजमेळ

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या मध्ये खांडबारा हे गाव आहे. भोवतालच्या आदिवासी पाड्यांचे हे बाजाराचे ठिकाण. अशा गावातील दुकानाचा दिवस पोत्यांनी सुरू होतो आणि पोत्यांनीच संपतो. सिमेंटचे पोते ५० किलोचे, युरियाची गोणी ४५ किलोची, धान्याचे पोते बहुधा ५० किलोचे. हे वजन गाडीतून उतरते, वखारीत थप्पीला लागते आणि पुन्हा गिऱ्हाइकाच्या गाडीत चढते. ते वाहणारा हमाल आणि गादीवर बसून त्याची नोंद करणारा शेठ हे दोघेही दिवसभर त्याच वजनाच्या सहवासात असतात. एकाचे शरीर अतिश्रमाने झिजते, दुसऱ्याचे बैठकीने. पन्नाशीनंतर मात्र दोघेही डॉक्टरांकडे एकच तक्रार घेऊन जातात: गुडघे आणि कंबर.

व्यापारी कुटुंबांत शरीरबळाचा विचार फारसा होत नाही. बळ हे तरुण मुलांच्या हौसेचे किंवा मजुराच्या पोटाचे, अशी एक समजूत रूढ झालेली असते. घरातील मुलगा शहरात शिकायला गेला की तेथील व्यायामशाळेत नाव घालतो, तीन महिने उत्साहाने जातो, आरशात छायाचित्रे काढतो आणि मग परीक्षा, लग्न किंवा दुकान यांचे निमित्त होऊन ते सुटते. वडील म्हणतात, ‘पैसे भरले होते ना?’ एवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः ज्या घराने तीन पिढ्या एक पेढी टिकवली, त्या घराला दीर्घ अभ्यास म्हणजे काय हे इतर कोणापेक्षाही अधिक ठाऊक असते. व्यापारात जे सूत्र बिनचूक चालवले, तेच सूत्र स्वतःच्या देहाला लावायचे मात्र राहून जाते.

वीस वर्षे आणि काही मिनिटे

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे लहान गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांना त्यांनी अगदी लहानपणीच तालमीच्या मातीत उतरवले. जोर, बैठका, हौदा खणणे, जोडीदाराशी पकडी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच, असा तो क्रम होता. पुढे कराडचे टिळक हायस्कूल आणि कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय येथे शिक्षण चालू असतानाही तालीम सुटली नाही.

१९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्यभर मातीवर खेळलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. तरीही आपल्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. दुसऱ्या एखाद्याने त्यावर समाधान मानले असते किंवा निराश होऊन लंगोट खुंटीला टांगला असता. खाशाबांनी पुढील चार वर्षे आधीपेक्षा अधिक मेहनत घेतली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. व्यापारी वाचकाला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गहाणखतावर सही करणाऱ्याने कशावर विश्वास ठेवला होता? त्या वेळी खाशाबांपाशी पदक नव्हते आणि पुढे ते मिळेल याची हमीही नव्हती. तारण होते ते फक्त रोज पहाटे आखाड्यात उतरणाऱ्या माणसाच्या नियमाचे. हेलसिंकीला ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून त्या उत्पन्नातून गुरूंचे घर सोडवले, असे कोल्हापूर भागात आजही आदराने सांगितले जाते.

हिशेब मांडला तर हेलसिंकीत त्यांनी प्रत्यक्ष खेळलेला वेळ काही मिनिटांचा होता. त्या मिनिटांच्या मागे वीस वर्षे उभी होती. जगाने मिनिटे पाहिली. वर्षे फक्त तालमीच्या मातीला ठाऊक होती. त्या वर्षांचा मोबदलाही वेळेवर मिळाला नाही. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, नोकरी प्रामाणिकपणे केली आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. म्हणजे अभ्यासाचे फळ केवळ मानसन्मानात मोजायचे ठरवले असते, तर त्यांच्या खात्यावर बहुतेक काळ शून्यच दिसले असते. अभ्यास ज्याला घडवायचे होते त्याला घडवून मोकळा झाला होता.

दहा हजार तासांचा गैरसमज

कोणत्याही विद्येत प्रावीण्य यायला दहा हजार तास लागतात, हे वाक्य गेल्या काही वर्षांत फार प्रचलित झाले आहे. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाच्या १९९३ मधील संशोधनात आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे दहा हजार तास एकट्याने सराव केला होता. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या एका लोकप्रिय पुस्तकामुळे हा आकडा जगभर गेला आणि त्याचा नियम बनला. स्वतः एरिक्सन यांना हे मान्य नव्हते. दहा हजार ही सरासरी होती, उंबरठा नव्हता. आणि नुसते तास भरणे हा सराव नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

मग सराव कोणता? ज्यात आजचे एक नेमके उणे शोधलेले असते, त्यावर लक्ष एकाग्र केलेले असते आणि चूक लगेच दाखवणारा कोणीतरी जवळ असतो, तो सराव. तालमीतील वस्ताद हेच काम करतो. शिष्य शंभर बैठका मारतो तेव्हा वस्तादाची नजर संख्येवर कमी आणि टाचेवर अधिक असते: टाच उचलली जाते आहे का, कंबर वाकते आहे का, श्वास कोठे अडतो आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली होती, जिची चर्चा फारशी होत नाही. जे विद्यार्थी सर्वोत्तम होते, ते झोपही अधिक घेत होते. तासांचा हिशेब सांगणारे हे विश्रांतीचे कलम बहुधा वगळतात.

दुकानातही हाच अनुभव येतो. तीस वर्षे गल्ल्यावर बसलेली दोन माणसे सारखीच तयार होत नाहीत. एकाने तीस वर्षे व्यापार केलेला असतो. दुसऱ्याने एकच वर्ष तीस वेळा केलेले असते. पहिला दर दिवाळीला चोपडी उघडून पाहतो की कोणती उधारी बुडाली, कोणता माल पडून राहिला आणि कोणते गिऱ्हाईक न बोलता दुसरीकडे गेले. दुसरा पूजन करून चोपडी मिटवतो.

वासराची गोष्ट आणि तिची मर्यादा

प्राचीन ग्रीसमध्ये, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, मायलो नावाचा मल्ल होऊन गेला. दक्षिण इटलीतील क्रोटोन हे त्याचे नगर. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. तो एक वासरू रोज खांद्यावर उचलून चालत असे. वासरू वाढत गेले तसे मायलोचे बळही वाढत गेले आणि एके दिवशी तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. थोडेथोडे वजन वाढवत जावे, म्हणजे शरीर त्याला जुळवून घेते, हे बळाच्या व्यायामाचे मूलतत्त्व या कथेत आले आहे. आजही जगातील प्रत्येक व्यायामशाळा याच तत्त्वावर चालते.

परंतु कथेत एक लबाडी लपलेली आहे. समजा, एखाद्या तरुणाने २० किलोपासून आरंभ केला आणि दर आठवड्याला फक्त १ किलो वाढवण्याचे ठरवले. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर दहा वर्षांनी तो ५४० किलो उचलत असला पाहिजे. जमिनीवरून ५०० किलो वजन उचलण्याचा पराक्रम मनुष्याने प्रथम केला तो २०१६ मध्ये, इंग्लंडच्या एडी हॉल याने. आणि तो जगातील सर्वांत बलवान माणसांपैकी एक. तेव्हा साध्या बेरजेने शरीर वाढत नाही, हे उघड आहे.

पहिल्या काही आठवड्यांत बळ वेगाने वाढते. त्या काळात स्नायू फारसे मोठे झालेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू असलेल्या स्नायूंनाच एकत्र कामाला लावायला शिकतात. स्नायूंची खरी वाढ त्यानंतर काही महिन्यांत दिसू लागते. स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे तर त्याहूनही सावकाश भक्कम होतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. पहिल्या तीन महिन्यांच्या यशाने चढून गेलेला तरुण नेमका येथेच जखमी होतो. स्नायूने तयारी दाखवलेली असते, कंडऱ्याने नाही. पेढीच्या भाषेत सांगायचे तर विक्री वाढली म्हणून त्याने वखार न बांधताच माल मागवलेला असतो.

त्यानंतर येतो तो सपाट काळ. महिना महिना जातो, वजन वाढत नाही, आरसा काही सांगत नाही. बहुतेक लोक येथेच सोडतात. काही जण याच ठिकाणी त्याहून वाईट वाट धरतात. कोणी ओळखीचा तरुण इंजेक्शनची कुपी दाखवतो. सहा आठवड्यांत छाती भरेल, असे सांगतो. अनाबोलिक स्टेरॉइडमुळे स्नायू फुगतात हे खरे. पण हृदय, यकृत, मनाचे स्वास्थ्य आणि पुरुषाची प्रजननक्षमता यांवर त्याचे गंभीर परिणाम होतात, हेही वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. व्याजाने पैसा उचलून दुकानाची नुसती दर्शनी बाजू चकाकवणाऱ्या व्यापाऱ्यासारखीच ही गत असते. घरातील मुलगा व्यायाम करतो का, एवढे विचारून वडिलांनी थांबू नये. तो काय घेतो, कोणाच्या सांगण्यावरून घेतो, हेही मायेने विचारावे. रागाने विचारले तर उत्तर खोटे मिळते.

हमाल आणि मल्ल

पोते उचलताना अनुभवी हमाल गुडघ्यात बसतो, पोते छातीजवळ ओढून घेतो आणि पायांच्या जोरावर उठतो. कंबरेतून वाकून झटका देणारा नवखा पोरगा दोन दिवसांत आडवा होतो. जुन्या हमालाने हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसते. वर्षानुवर्षांच्या वजनाने त्याच्या शरीराला ते शिकवलेले असते. व्यायामशाळेतील प्रशिक्षक पैसे घेऊन पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

मग हमालाचे शरीर मल्लासारखे निरोगी का राहत नाही? कारण अभ्यास आणि कष्ट यांत फरक आहे. मल्ल किती वजन, किती वेळा आणि कोणत्या दिवशी, हे स्वतः ठरवतो. थकवा आला की विसावा घेतो. त्याला दूध, तूप, बदाम यांचा खुराक मिळतो. बळ प्रत्यक्ष व्यायाम करताना वाढत नसते. व्यायामाने स्नायूंना जो ताण बसतो, तो विश्रांतीत आणि झोपेत भरून निघताना ते वाढते. हमालाच्या वाट्याला ताण येतो, भरपाई येत नाही. उद्या पुन्हा ट्रक उभा असतो.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो याच विषमतेची जाणीव ठेवून. पण कायदा जेथे पोहोचतो आणि जेथे पोहोचत नाही, अशा दोन्ही ठिकाणी मालकाच्या हातात काही गोष्टी असतातच. थप्पी डोक्यापेक्षा उंच लावू न देणे, जड मालासाठी हातगाडी ठेवणे, भर उन्हात ट्रक रिकामा करण्याची घाई न करणे, पाणी आणि अर्ध्या तासाचा विसावा देणे. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा हा अर्धा तास फार मोलाचा ठरतो. जो शेठ स्वतः आठवड्यातून दोनदा वीस किलो उचलून पाहतो, त्याला पन्नास किलोचा अर्थ कागदावर वाचणाऱ्यापेक्षा लवकर कळतो. बळाच्या अभ्यासाचे हे एक अनपेक्षित फळ आहे: दुसऱ्याच्या भाराचे वजन समजू लागते.

ताटातील बळ

शाकाहारात बळ कोठून येणार, असा प्रश्न मुले शहरातून घेऊन येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. नियमित वजनाचा व्यायाम करणाऱ्याला याहून अधिक लागतात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. मूगडाळीत त्याहून थोडी अधिक. हरभरा, मटकी, चवळी, दूध, दही, पनीर आणि शेंगदाणे यांची जोड दिली तर गरज घरच्या ताटातूनच भागू शकते. अडचण वेगळीच असते. बऱ्याच घरांत वरण पातळ आणि फरसाण भरपूर असते. प्रथिनाचा तुटवडा बहुधा शाकाहारामुळे येत नाही, वरणाच्या पातेल्यात घातलेल्या पाण्यामुळे येतो.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांना व्यायामाची वेळ विचारपूर्वक ठरवावी लागते. पहाटेचा व्यायाम आणि त्यानंतर नवकारशी झाल्यावर दूध किंवा मुगाचा पदार्थ असलेली न्याहारी, हा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. संध्याकाळी उशिरा जड व्यायाम केला तर नंतर शरीराला भरपाईचे अन्न मिळत नाही. उपवासाच्या आणि तपाच्या दिवसांत वजन बाजूला ठेवावे. हलके चालणे पुरे. अठाईचे पारणे झाले की पहिल्याच दिवशी पूर्वीच्या वजनाला हात घालू नये, अर्ध्यापासून सुरुवात करून एक-दोन आठवड्यांत पूर्वपदावर यावे. दीर्घ अभ्यासात आठ दिवसांचा खंड ही नगण्य गोष्ट आहे. खंडानंतर परत न येणे, हीच खरी हानी.

नव्वदीतील आठ आठवडे

‘आता या वयात काय?’ हे वाक्य चाळिशीतील शेठही म्हणतात आणि सत्तरीतील आजीही. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर हाडेही झपाट्याने विरळ होऊ लागतात. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणे, देरासरच्या पायऱ्यांवर थांबावे लागणे, पडल्यावर खुब्याचे हाड मोडणे, या सगळ्यांमागे बळाचा हा मूक ऱ्हास असतो.

१९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे मारिया फियातारोने या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातील दहा स्वयंसेवकांना पायांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला. त्यांचे वय ८६ ते ९६ होते. आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे हा क्रम चालला. मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीन पटींच्या आसपास गेले. दोघांची काठी सुटली. या अभ्यासाचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत मिळवलेल्या बळाला जवळजवळ एक तृतीयांश गळती लागली. आरंभाला उशीर कधीच होत नाही, हे या वृद्धांनी दाखवले. आणि मुद्दलही रोज सांभाळावे लागते, हेही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस साधी आहे: प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्याला तोल सांभाळण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. यासाठी यंत्रांनी भरलेली व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या उचलणे, धान्याची पाच किलोची पिशवी छातीशी धरून अंगणात फेरी मारणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे, एवढ्यावर आरंभ होतो. श्वास रोखू नये. जोर लावताना सोडावा. रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सासू आणि सून यांनी हे मिळून केले तर नियम टिकतो, कारण एकीला कंटाळा आला तरी दुसरी हाक मारते.

नोंद

जुन्या पेढ्यांत एक दंडक असे. दिवसभरात एकही विक्री झाली नाही तरी रोजमेळ लिहिल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. तारीख लिहायची, आरंभीची शिल्लक लिहायची, अखेरची शिल्लक लिहायची. विक्री नव्हती हीसुद्धा नोंदच. नव्या मुलाला ते निरर्थक वाटे. काही वर्षांनी त्याला उमगे की मंदीच्या दिवसांतही ज्याची लेखणी चालते, त्याची पेढी मंदीत बुडत नाही. कारण गळती कोठे आहे ते त्याला इतरांच्या आधी दिसते.

बळाच्या साधकानेही एक साधी वही ठेवावी. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, झोप कशी झाली, कोठे दुखले. पाच ओळी पुरेत. सहा महिन्यांनी ती वही असे काही सांगते जे आरसा सांगू शकत नाही. ज्याला वाटत होते की काहीच बदलले नाही, त्याला दिसते की जानेवारीत पाच वेळा जड वाटलेले वजन जूनमध्ये बारा वेळा उचलले गेले. ज्याला वाटत होते की आपण नियमित आहोत, त्याला दिसते की लग्नसराईत पाच आठवडे कोरे गेले. दोन्ही नोंदी सारख्याच उपयोगाच्या. त्यांवरून स्वतःला शाबासकी किंवा दूषण देत बसू नये. पुढच्या आठवड्याचे काम ठरवावे.

सामायिकासाठी ४८ मिनिटे बाजूला काढण्याची ज्या घराला सवय आहे, त्या घराला नियमाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. तितकाच वेळ आठवड्यातून दोनदा देहाच्या बळासाठी निघू शकतो. त्यातून कोणी ऑलिंपिकला जाणार नाही. पण साठीचा मनुष्य जमिनीवर मांडी घालून बसेल आणि आधाराशिवाय उठेल, नातवाला उचलून घेईल, पालिताण्याचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढेल आणि अंथरुणाला खिळून मुलाबाळांवर भार होण्याचा काळ शक्य तितका लांबवील.

पेढीवर बसणाऱ्या मुलाला वडील पहिल्या दिवशी मोठे सौदे देत नाहीत. आधी झाडू, मग तराजू, मग उधारीची वही आणि काही वर्षांनी तिजोरीची किल्ली, असा क्रम असतो. त्या क्रमाला मुलगा कंटाळतो तेव्हा वडील त्याला थांबायला सांगतात. देहाच्या बाबतीत मात्र वडील स्वतःच थांबायला तयार नसतात; एका महिन्यात गुण आला नाही की सोडून देतात. मुलाला धीर शिकवायचा असेल तर त्याने तो वडिलांच्या आचरणात पाहिला पाहिजे. पहाटे साडेपाचला अंगणात जोर काढणारा पन्नाशीतील बाप रोज दिसत असेल, तर सपाट काळात टिकून कसे राहायचे हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. आजचा वार कोणताही असो, वहीचे पहिले पान आज उघडता येते. वर तारीख घालावी आणि खाली जे जमले ते लिहावे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे झाले असेल तर तेवढेच.